डोंगरातल्या म्हातारीचा आवाज

११ जानेवारी, शनिवार

धप्प! छपरावरचा बर्फ घसरला की हाच आवाज यायचा आणि वर्गात आमची कविता मध्येच अडखळायची. हाताकेयामा गुरुजी रागवायचे नाहीत. थांबायचे. मग तीच ओळ स्वतः म्हणायचे, इतकी हळू, की मागच्या बाकावरचे आम्ही पुढे झुकायचो. त्या झुकण्यापायीच मी मोठेपणी मास्तर झालो.

संध्याकाळपासून हेच आठवत बसलोय, कारण दुपारचं आठवायचं नाहीये.

लिहूनच टाकतो. गावातली शाळा बंद झाली तेव्हापासून शनिवारी लहान पोरं माझ्या बैठकीत जमतात. स्टोव्हभोवती उशा, मध्ये मी आणि पुस्तक. आज डोंगरातल्या म्हातारीची गोष्ट घेतली. ती बर्फातून गावात येते, खिडकी-खिडकीवर नख वाजवते आणि विचारते, 'आत कोण जागं आहे?' तो आवाज मी काढला. घशातून, खरखरीत. पुठ्ठ्यावर नखही वाजवलं. चार वर्षांची कोझुए किंचाळून उठली, सोबत आलेल्या आईचा हात ओढत, उलटसुलट बूट घालून पळाली.

बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी शेवट कसा वाचला, देव जाणे.

आणि तो आवाज काढताना मला मजा येत होती. फार मजा.

१२ जानेवारी

झोप नाही.

१४ जानेवारी

शेजारची तोमेको आली, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं घेऊन. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी. तिला सगळं सांगितलं.

'चार वर्षांचं पोर रडायचंच,' ती म्हणाली. 'तुम्ही कविता म्हणायला लागलात की आम्ही मोठे घोडेसुद्धा रडायचो. कंटाळ्यानं.'

जरा बरं वाटलं. तर जाता जाता म्हणते — 'पण कोझुए रात्री दिवा चालू ठेवायला लावते म्हणे. तिची आई दुकानात सांगत होती.'

हे आधी सांगायला काय झालं होतं!

१६ जानेवारी

स्टेशनजवळच्या दुकानातून गोड सारणाच्या वड्यांचा डबा घेतला, साध्या कागदात बांधून, आणि कोझुएच्या घरी गेलो. आई दारात आली. मी वाकलो, ती वाकली, मी आणखी वाकलो.

'आमच्यामुळेच तुम्हाला त्रास.'

'छे छे, चूक माझी.'

'आमचीच हो.'

डबा घेतला. आत या म्हणाली नाही. आतून कोझुएनं विचारलं, 'कोण आलंय?' तर आईनं दार आणखी ओढून घेतलं.

गल्लीच्या टोकापर्यंत मान वर करवली नाही.

१७ जानेवारी

तिच्याकडून संत्र्यांची पेटी आली, तोमेकोच्या हाती. माझ्या डब्याच्याच तोलाची आणि दुसऱ्याच दिवशी. इतक्या घाईनं परतभेट आली की त्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तुमचं काही आमच्याकडे राहायला नको, असा.

'संत्री आहेत, गुरुजी,' तोमेको म्हणाली. 'सोलायची असतात. त्यातही काय वाचत बसलाय?'

एक सोललं. गोड निघालं. उरलेलं तोमेकोच्या हातावर ठेवलं.

१८ जानेवारी, शनिवार

उशा मांडल्या. स्टोव्ह पेटवला. पुस्तक बदकांचं काढलं. त्यात कुणी कुणाला घाबरवत नाही.

कुणी आलं नाही.

तोमेको म्हणते बालवाडीत तापाची साथ आहे, अख्खा वर्ग आठवडाभर बंद ठेवलाय. असेलही. पण एकाच्याही आईनं फोन करू नये?

रिकाम्या उशांना बदकं वाचून दाखवली. पान उलटण्याआधी सवयीनं थांबलो. इथे एरवी पोरांचा श्वास अडकतो. कुणाचं तोंड उघडं राहतं, कुणी नकळत माझ्या गुडघ्यावर हात ठेवतं, आणि मग पान उलटलं की सगळी एकदम श्वास सोडतात. तो एक क्षण मिळाला की माझा आठवडा निघतो. आज स्टोव्हवरची किटली तेवढी सुसकारत होती.

हाताकेयामा गुरुजींना असा आवाज काढायची गरज कधी पडली नाही. ते हळू बोलायचे. मी नाटकं केली.

२१ जानेवारी

मोठ्यानं वाचणं बंद करावं. तोमेकोला म्हटलं, यापुढे शनिवार तू घे.

'मी? मी दोन पानं वाचली की माझी नातवंडं घोरतात.' मग माझ्याकडे नीट पाहिलं तिनं. 'गुरुजी, खरंच सोडताय?'

संध्याकाळी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. प्रत्येक पुस्तक उघडून थोडं थोडं वाचलं, मनातल्या मनात. मजा नाही येत.

२३ जानेवारी

सकाळी दार वाजलं. तोमेको असेल म्हणून खोक्यातली पुस्तकं हातात घेऊनच गेलो.

उंबऱ्यात कोझुएचा बाप. तो रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो. पहाटेचं काम उरकून तसाच आलेला, भुवयांवरसुद्धा बर्फ. आजवर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी वाकायला गेलो तर हा आधीच वाकलेला! पोरीनं भर वाचनात गोंधळ घातला म्हणून बायको शरमून बसलीय, म्हणाला, तिला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. मग जाकिटातून पुस्तक काढलं. डोंगरातल्या म्हातारीचं, नवंकोरं.

'रोज रात्री दिवा लावून मला वाचायला बसवते. आणि रोज ओरडते, बाबा, ही म्हातारी खोटी आहे, गोष्टवाल्या आजोबांची खरी म्हातारी आण.' त्यानं घसा खाकरला, मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. 'गुरुजी, तो आवाज... काढायचा कसा?'