परक्या पुस्तकात आईचा फोटो

१२ जानेवारी, जव्हार

कॉलेजच्या चर्चासत्रात आज पडद्यावर माझी आई! वांगणीच्या आमच्या दारात उभी, हातात सूप. फोटो एल्साबाईंनी काढलेला. दोन वर्षांपूर्वी परदेशातून संशोधनाला आल्या, महिनाभर आमच्याकडे राहिल्या, आईच्या हातची नागलीची भाकर खाल्ली. आता पुस्तक आलंय. फोटोखाली इंग्रजीत – 'गाव जिला भुताळी मानतं, ती बाई.'

आईला कुणी कधी भुताळी म्हटलं नाही! झाडपाल्याचं औषध देते, एवढंच; करणी-बिरणी नाही.

सर चिडून बोलत होते – "पाश्चात्त्य अभ्यासकांना आपण असेच हवे असतो. अंधारातले." टाळ्या. मग वर्गातली तुळशी उठली – "पण सर, भुताळी ठरवून बायकांना मारतात, ते खोटं आहे का?" "तो मुद्दा वेगळा," सर म्हणाले.

दोघांचंही खरं होतं. ती माझी आई आहे, हे तोंडातून निघेना.

१३ जानेवारी

वर्गातल्या करणनं सरांच्या भाषणाचा व्हिडिओ सगळीकडे टाकलाय. आईच्या फोटोसकट! म्हणतो, "अगं, आपल्याच बाजूचा आहे." भाषण कोण ऐकतंय? लोक फोटो बघतात, आणि तो एक शब्द.

एल्साबाईंना मेसेज केला. उत्तर आलं – पूर्ण प्रकरण वाच, मी तुमच्या बाजूनंच लिहिलंय.

सगळे आमच्याच बाजूचे.

१५ जानेवारी, वांगणी

जीपमधून उतरले तर हातपंपावरच्या बायका मोबाइलवर तोच व्हिडिओ बघत होत्या; मला बघून फोन पदराआड केला.

शेजारच्या माघ्याकाकांची नात तापानं फणफणलीय. मोखाड्याला दवाखान्यात नेली, ते बरंच केलं. पण निघताना काकू आमच्या दाराकडे बघून थुंकली.

आईला सगळं सांगितलं. एवढंच म्हणाली, "एल्सानं लिवलंय?"

१६ जानेवारी

सुकऱ्यामामा हळूच सांगून गेला – "तुझ्या आईला, कोंडीला, जव्हारला ने. पोरीला काय झालं तं लोकं भगताकडं जातील, तो भुताळी म्हणून तिचंच नाव घेईल." पोलीस पाटलांना फोन केला. "कोण काय बोललं तर कळव." तोवर उशीर झाला तर?

आई हलायला तयार नाही. दाराला आतून मुसळ लावलंय. बाहेर पाऊल वाजलं की मी उठून मुसळ चाचपते.

१८ जानेवारी

पोरगी बरी होऊन घरी आली! माघ्याकाका स्वतः दारात – "डॉक्टर बोलला, निमोनिया व्हता." मी रडलेच. सुटलो!

१९ जानेवारी

काकांची सून पोरीला घेऊन आली. पोरीनं आईकडे हात पसरले. आई झटकन मागे सरकली – "नको. लांब ने तिला."

मग माझ्याकडे बघून, अगदी हळू – "रविना, बुकात लिवलंय… मी असंन का गं तशी?"