आत्याच्या फोटोखालचा शब्द

प्रिय आत्या,

परवा तुझं वर्षश्राद्ध आहे, आणि कामशेतचा फ्लेक्सवाला तुझ्या फोटोखाली 'प्रेमळ, मनमिळाऊ' छापायला निघाला होता. तू मनमिळाऊ? आपल्या वडिवळ्यात कुणाचा विश्वास बसला असता? मी त्याला 'हजरजबाबी' टाकायला सांगितलं, आणि तेव्हापासून तुझ्यावर इतकी चिडलेय की लिहिल्यावाचून राहवेना.

अप्पांनी अर्थ विचारला. मी शब्दकोश काढला. हजर आणि जबाब, दोन्ही मूळचे अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेले. ज्याचं उत्तर कायम तयार, तो हजरजबाबी. तर तुझे भाऊराय म्हणतात कसे, "आरबांनी आमच्या ताईला कुटं बघितलं?"

तुझंच रक्त! हायवेला तू इंद्रायणी तांदूळ विकायला बसायचीस. लोणावळ्याहून परतणाऱ्या एका बाईंनी गाडीची काच बोटभर खाली करून विचारलं होतं, "मावशी, वास येतो ना तांदळाला?" तू म्हणालीस, "काच आजून खाली घ्या, मंग येईल." बाई पाच किलो घेऊन गेल्या.

पण घरात कशाला गं ही सवय? तू ताटात भाकरी टाकून उठायला लागलीस, तेव्हा मी विचारलं होतं ना, काय होतंय म्हणून? "तुज्या आईच्या हातचं लय वर्सं खाल्लं, आता जरा सुट्टी." आई हसली, मीही हसले. दर वेळी तुझं नवं उत्तर, आणि आमचं विचारणं तिथेच संपायचं.

तळेगावचे डॉक्टर म्हणाले, "इतके महिने काय करत होता?" एकदा साधं 'दुखतंय' म्हणायला काय झालं होतं तुला? आणि मला परत विचारायला?

आता अप्पांनीही तेच चालवलंय. भाताच्या खाचरावरून घरी येताना दोनदा थांबतात, छातीवर हात ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "जीव हाय का बघतोय." आई परवा हसली. मी तिच्यावरही ओरडले.

तुला शब्द देते, उद्या सकाळीच त्यांना दवाखान्यात नेणार. 'ताईचं वर्षश्राद्ध होऊ दे' म्हणतायत. श्राद्धाच्या तयारीला उशीर झाला तर होऊ दे. डॉक्टरांसमोर अप्पांना तोंड उघडू देणार नाही. कधीपासून थांबतात, कितीदा, हात कुठे ठेवतात, सगळं मी सांगेन. तुझ्या वेळी यातलं काहीच मला सांगता आलं नव्हतं.

तुझी भाची,
सोनाली