टपालकाकांचं माप

३ जुलै
आले बाई एकदाची! कृत्रिम अवयवांच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश मिळाला, खोलीही मिळाली, खिडकीसकट. वर्कशॉपमध्ये प्लास्टरचे पाय रांगेने उभे आहेत. जणू माणसं पाय ठेवून जेवायला गेलीत. आईला फोनवर सांगितलं, खूप मैत्रिणी झाल्या. अजून एकही नाही.

११ जुलै
पहिला रुग्ण मिळाला. निवृत्त पोस्टमन, मी त्यांना टपालकाका म्हणते. डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. उरलेला खुंट चौदा सेंटिमीटर. साचा घ्यायला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळत होते, तर त्यांनी विचारलं, जेवलीस का गं? इथे आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मान खाली घालून पट्टीच गुंडाळत राहिले.

२५ जुलै
काका म्हणाले, तू केलेला पाय ढिला बसतोय. खुंट सुकून बारीक होतो, त्यात नवल नाही. पण लांबी कमी होत नसते. आज नऊच भरली. सर म्हणाले, मोजपट्टी नीट धरायला शिका. वर्ग हसला. काका मात्र तासभर गप्पा मारत बसले.

८ ऑगस्ट
आज गुडघाच नाही. जखम नाही, टाके नाहीत, नुसती गुळगुळीत कातडी. काका म्हणाले, तू केलेलं इतकं छान बसतं, की माझं स्वतःचं अंग जागा सोडतं. घाबरले. तरी नवा पाय करायला घेतला. नाही म्हटलं तर ते माझ्याकडे येतील कशाला?

२२ ऑगस्ट
उजवा पायही गेला. एक हातही. तरी माप घेतलं.
मग त्यांची जुनी फाइल काढली. गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनीचं अक्षर. शेवटची नोंद — हातपाय उरले नाहीत, सगळे मी केलेले.
मग माझ्याकडे आले तेव्हा डावा गुडघा, उजवा पाय, दोन्ही हात हाडामांसाचे आले कुठून?
ऑफिसातल्या बाईंना विचारलं, ती मुलगी कुठे असते? म्हणाल्या, गेली सोडून. सामानसुद्धा नेलं नाही.

५ सप्टेंबर
वर्कशॉपला गेले नाही. दिवसभर खोलीत. आईला सगळं सांगायला फोन लावला — तिनं विचारलं, मैत्रिणी कशा आहेत? छान, म्हटलं.

६ सप्टेंबर
भर दुपारी दार वाजलं. पावलांची करकर — माझेच स्क्रू. दाराआडून काका म्हणाले, एकटी किती दिवस राहशील, पोरी?
मी उघडलं. का उघडलं —
खुर्चीत बसवलंय मला. पट्टी कोमट आहे. किती हळू गुंडाळतात — कुणी इतकं जपून कधी —
डावा पाय कळत नाहीये. आता हात मागतायत. डावा दिला. म्हणाले, तो नको, लिहितेस तो —