आजपासून बँक आपली

८ फेब्रुवारी

आज दारावरची कापीव अक्षरांची पाटी उतरवली. चार माणसं, एक शिडी आणि तोंडभर शिव्या. स्क्रू गंजलेले, निघता निघेनात. शेवटी पाटी वाकवूनच काढली. पण भिंतीवर अक्षरांच्या जागी जुना रंग स्वच्छ राहिलाय, त्यामुळे पाटी नसतानाही ‘राष्ट्रीय रेडिओ’ वाचता येतंच! म्हटलं, घ्या! आता भिंत खरवडत बसा.

तर रेडिओ विकला. थोरली बँक विकली. दोन्ही एकाच माणसाला. वर्तमानपत्रं त्याच्याकडे आधीपासून आहेतच. म्हणजे आता पैसे ठेवायचे त्याच्याकडे, आणि ते सुखरूप आहेत ना, हे विचारायचंही त्यालाच!

संपादनाच्या खोलीत मी एकटी उरले. बाकीची टेबलं उचलून नेली. माझं नेलं नाही, कारण जुन्या फितींना हात लावायची अक्कल दुसऱ्या कुणाला नाही.

११ फेब्रुवारी

खोलीत एकटी असले की ह्यांचा श्वास ऐकू येतो.

लिहून टाकलं एकदाचं. लेकीला सांगायची सोय नाही, लगेच डॉक्टरकडे ओढत नेईल. भर दुपारी येतो, पंखा बंद असताना. मशीनच्या डाव्या अंगाला. बातमी सुरू करण्याआधी घ्यायचे ना, तसाच — लांब, नाकानं.

मी तो चुकणार नाही. ह्यांचे श्वास मीच कापायची! नियमच होता तसा. बातमीपत्र पुन्हा लावायचं असलं की दोन वाक्यांमधला श्वास फितीतून कापून टाकायचा आणि टोकं चिकटवायची. जुने संचालक म्हणायचे, “बाई, सरकारला धाप लागत नसते.” नखाएवढे तुकडे पायाशी पडायचे, संध्याकाळी झाडूबरोबर जायचे. घरी आलं की हे चिडवायचे — “काय हो बाईसाहेब, आज किती वेळा जीव घेतलात?”

मग ह्यांना खरीच धाप लागायला लागली. शेवटचे महिने घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळे त्या श्वासाकडे कान लावून बसलेले. आता कोठारात ह्यांच्या फितींनी भरलेली कपाटंच्या कपाटं आहेत आणि त्यांतल्या एकीतही श्वास नाही. मग माझ्या खोलीत तो घेतं कोण?

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा. म्हटलं, “अहो, गप्प बसा. काम करू द्या.” बसले!

१७ फेब्रुवारी

नव्या अधिकारीणबाई आल्या होत्या. मालकांच्या खास. केस कापलेले, बोलणं गोड, मला ‘काकू’ म्हणाल्या. वयानं माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल. मी हिची काकू कधी झाले?

“काकू, ती बँकेची घोषणा आहे ना, त्या दिवशीची? ती फीत हवी होती. जरा स्वच्छ करून.”



ती घोषणा म्हणजे आमच्या ह्यांची चूक. हे तेव्हा नवीनच लागले होते. पहाटे हातात कागद आला. सगळ्या बँका ताब्यात, रेडिओ ताब्यात. बाहेर दारावर शिपाई, आत जुन्या मालकाची खुर्ची अजून गरम. कागदावर शेवटचं वाक्य होतं — ‘आजपासून बँक सरकारची.’ आणि ह्यांनी वाचलं — ‘आजपासून बँक आपली.’

झालं! खुलासा मागवला. संचालक ओरडले, “उचलली जीभ आणि लावली टाळ्याला?” ह्यांनी खुलाशात लिहिलं, ‘वाचताना तसंच वाटलं.’ नोकरी जायची, पण तोवर रस्त्यावर लोक ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होते. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. मग वरच्यांनी शहाणपणा केला. तीच फीत रोज लावायला लागले.

पुढे बँक कितपत आपली झाली, ते काउंटरपुढच्या रांगेत उभ्या राहिलेल्याला विचारावं. हेही जाणून होते. म्हणायचे, “आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं. एकच शब्द माझा स्वतःचा, आणि तोही चुकून.” जाहिरातवाले यायचे, तो शब्द मागायचे. साबण आपला, तेल आपलं! हे हात जोडून दार लावून घ्यायचे.

मी बाईंना म्हटलं, फीत शोधावी लागेल. खोटं. ती फीत मला झोपेतही सापडेल.

१८ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. ही थोरल्या बँकेत काउंटरवर. वाटलं, चिडेल. ती भाजी निवडत राहिली.

“अगं, ऐकलंस का? बाबांचा आवाज लावणार म्हणे. बँक विकल्याच्या जाहिरातीला!”

“माहितीये.”

“तुला कसं माहिती?”

“मीच सुचवलं, आई.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग रडली. बँकेत निम्मी माणसं काढणार आहेत. तिला बोलावून विचारलं, तुमचा संस्थेला काय उपयोग? ही घाबरून म्हणाली, माझे वडील ते ‘बँक आपली’वाले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे! “आई, पहिल्यांदा कुणीतरी मला ‘बसा’ म्हणालं.”

पोटची पोर. पण ह्यांच्या तोंडचं एकच वाक्य लोकांच्या लक्षात आहे. तेवढं तरी ह्यांचं राहू द्यायचं होतं मला.

२२ फेब्रुवारी

दिली फीत.

खरखर काढली. वाक्य जसंच्या तसं ठेवलं. त्यात हात घालायची वेळ नाही आली, हेच नशीब. नव्या मालकाला वाटतं, ‘आपली’ म्हणजे गिऱ्हाइकाला गोंजारल्यासारखं! कोठाराच्या दारात उभी राहून म्हटलं, “अहो, लेकीसाठी केलं.” श्वास आला नाही. रागावले असतील.

२४ फेब्रुवारी

आले. पण आज दोनदा घेतला, घाई असल्यासारखा.

२ मार्च

काय दिवस!

सकाळी बातम्यांआधी लावलं. बाकी काही नाही, नुसते हे — “आजपासून बँक आपली.” मागून सनई नाही, बासरी नाही, बँकेचं नावही नाही. अधिकारीणबाईंना ते भारदस्त वाटलं असणार.

मी अजून तोंड धूत होते, तोवर वरच्या मास्तरीणबाई जिना उतरून दारात. पायांत चपला, हातात पिशवी, डोळे भरलेले.

“अहो, ऐकलंत? परत आपली झाली!”

“काय?”

“बँक हो! सरकारनं परत घेतली. तुमच्या ह्यांनीच सांगितलं आत्ता!”

“अहो बाई, हे जाऊन किती वर्षं झाली...”

“ते मला ठाऊक आहे,” म्हणाल्या. “पण सांगितलं ना?”

आणि गेल्या तरातरा. खिडकीतून पाहिलं, तर सगळी गल्लीच चाललेली. म्हातारे काठ्या टेकत. कामावरून काढलेले कारकून जुने कोट घालून. दहापर्यंत थोरल्या बँकेचा रस्ता भरला. निम्मे आनंदानं आलेले, निम्मे घाबरून — सरकारनं घेतली तर आपले पैसे आधी काढलेले बरे म्हणून. आनंदवाले दार उघडा म्हणून ढकलतायत, घाबरलेले दार बंद होईल म्हणून ढकलतायत! दुपारी शटर ओढलं.

लेक अंधार पडायच्या आत आली, पोलिसांच्या गाडीतून. बाही फाटलेली. एक आजोबा तिच्या काउंटरला धरून उभे होते. हलेनात. सारखे विचारत होते, “बाळ, जुनी माणसं कामावर कधी येणार?” तिनं सांगितलं, आजोबा, ही जाहिरात आहे. तर म्हणाले, “तो माणूस जाहिरात करत नाही.”

हे सांगताना तिला रडू फुटलं. मलाही. पण खरं लिहू? आत कुठेतरी अभिमान वाटला. मेलेल्या माणसाच्या शब्दावर अजून गल्ली चालते!

५ मार्च

अधिकारीणबाईंचा गोडवा आटला. मालक संतापलेत. मालकांच्या तिन्ही वर्तमानपत्रांनी रोज लिहिलं, बँक खाजगीच आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. कुणाला खरं वाटेना. लोक म्हणतात, रेडिओवर ह्यांच्या तोंडून आलं तरच खरं.

तेव्हा आता ह्यांच्याच तोंडून यायला हवं.

“एकच शब्द बदलायचाय, काकू. ‘आपली’ काढा, ‘आमची’ घाला. कोणाची ते एकदाच कळू दे लोकांना.”

एकच शब्द म्हणे! ‘आपली’ म्हटलं की ऐकणाराही घरात. ‘आमची’ म्हटलं की त्यानं दाराबाहेर चपलांपाशी उभं राहायचं. मी म्हटलं, “मी आयुष्यभर ह्यांचे श्वास कापले. शब्द कधी घातला नाही. घालणारही नाही.”

“मग तुमच्या मुलीचं अवघड होईल. कल्पना तिचीच होती ना?”

घरी येताना दोनदा रस्ता चुकले.

९ मार्च

मी नाही म्हटल्यावर बाहेरून माणूस आणलाय. जाड चष्मा, फारसं बोलत नाही. ह्यांच्या सगळ्या फिती तो संगणकात उतरवतोय. मग संगणक शब्द शोधणार, हा उचलून चिकटवणार. कात्री नको, गोंद नको. दिवसभर भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज येतो, भराभरा, उलटसुलट. पूर, निवडणूक, तापमान. मध्येच नुसतंच “आणि... आणि... आणि...”

कानांत बोटं घालून बसले.

१५ मार्च

सापडत नाही!

चष्मेवाला खाली मान घालून आला. “बाई, सगळं पालथं घातलं. आमचं नाही, आमचे नाही, आमची नाही. माणूस ‘आमची’ म्हणालाच नाही का कधी?”

मला हसूच फुटलं. म्हटलं, “अहो, बातमीत ‘आमची’ कुठून येणार? ‘शासनाची’ येईल, ‘देशाची’ येईल, ‘जनतेची’ तर वाट्टेल तेवढी! ‘आम्ही’ म्हणायची बंदीच होती. म्हणाल तर कोण आम्ही, ते सांगावं लागेल!”

तोही हसला बिचारा. तुकडे जोडून पाहिले म्हणाला, ‘आम’ एकीकडून, ‘ची’ दुसरीकडून. ऐकवलं. घशात काही अडकलेल्या माणसासारखं वाटतं. लोक फसणार नाहीत.

अहो, वाचलात!

१६ मार्च

रात्री जेवताना लेकीला सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. चष्मेवाल्याची नक्कलही करून दाखवली. ती फारशी हसली नाही. “म्हणजे तो शब्द मिळाला असता तर झालं असतं?” एवढंच विचारलं. म्हटलं, “झालं असतं, पण मिळणार कुठून? आकाशातून?”

तिला कामावरून बोलावणं आलंय. सोमवारी जाब द्यायचाय. मी म्हटलं, होऊन होऊन काय होईल, नोकरी जाईल. दोघी मिळून शिकवण्या घेऊ. ती म्हणाली, हो.

१९ मार्च

आज श्वास नाही. कालही नव्हता. पंखा बंद करून बसले, मशीनही बंद केलं. काही नाही. चष्मेवाल्याचं काम संपलं, फितींची कपाटं गाडीत घालून नेली. कुठे नेली, विचारलं. कुणाला ठाऊक नाही.

इतकी भीती मला तो येत होता तेव्हा नव्हती वाटली.

२१ मार्च

लेकीनं सुट्टी काढून माळा आवरला. बरं झालं, माझे गुडघे कुठे चढू देतात! मला काही आवरू दिलं नाही. चहा हातात आणून दिला, पाय दाबून दिले. “पुरे गं,” म्हटलं, “आजारी नाहीये मी.” तरी दाबत बसली.

२३ मार्च

सोमवारचा जाब झाला. नोकरी राहिली! वर बढती. मी साखर वाटली मास्तरीणबाईंना. कसं काय जमवलंस, विचारलं. “माझा उपयोग पटला त्यांना,” म्हणाली, आणि अंघोळीला गेली.

२६ मार्च

सकाळी लागलं.

“आजपासून बँक आमची.”

ह्यांचाच आवाज. खरा, अख्खा. ‘आमची’च्या शेवटी किंचित हसू. रेडिओवर हे कधी हसले नाहीत.

घरची कॅसेट. लेक दोन वर्षांची झाली तेव्हाची. ह्यांनी माइकसारखा चमचा धरून एकेका पाहुण्याची ओळख करून दिली होती, बातम्या दिल्यासारखी. सगळ्यांत शेवटी माझ्यापाशी आले. हसू आवरत म्हणाले, “आणि ही आमची मंडळी.”

लेक समोर बसली होती. मान वर केली नाही.

‘आमची’ तेवढं घेतलं. मंडळी कापून टाकली.