स्वतःच्या माफीसाठी लाउडस्पीकरचा परवाना मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
विणकर वसाहत पोलीस ठाणे,
बेळगाव.

अर्जदार : कु. रचना यमनाप्पा सातपुते, वय २०, रा. मागवाले गल्ली, वडगाव, बेळगाव.

विषय : रविवार दि. १५ डिसेंबर २०२४ रोजी, पौर्णिमेस, देवळासमोर अर्जदाराची जाहीर माफी वाचण्यासाठी ध्वनिक्षेपकाचा परवाना मिळणेबाबत (व शक्य झाल्यास न मिळणेबाबत).

संदर्भ : समाजाच्या पंचकमिटीचा दि. १ डिसेंबरचा ठराव (तोंडी).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार वरील पत्त्यावर आई-वडिलांसह राहते. वडील यमनाप्पा, म्हणजे अप्पा, यांचे घरामागच्या शेडमध्ये चार यंत्रमाग आहेत. आई कांड्या भरते, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात जी नळी बसते तिच्यावर सूत गुंडाळते, आणि अर्जदारही शाळेत असल्यापासून तेच करीत आली आहे. सध्या अर्जदार खासबाग येथील एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून देते. उतारा, रेशनकार्ड, नळजोडणी, शेजाऱ्याची म्हैस, नवऱ्याची दारू, सगळे अर्ज हाताखालून गेले आहेत. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, म्हणजे साहेबांना वाचायला सोपे जाते आणि लिहिणाऱ्याला मध्येच रडू येत नाही, असे ती गिऱ्हाइकांना सांगत असते. आज तेच औषध स्वतः घ्यायची वेळ आली आहे.

अर्ज मराठीत आहे याबद्दल क्षमा असावी. अर्जदार कन्नड बोलते, बाजारात भांडतेसुद्धा, परंतु एवढे सगळे कन्नडमध्ये लिहिण्याइतका तिचा हात बसलेला नाही. कन्नड भाषांतर सोबत जोडले आहे. ते सौम्या हिने केले असून तिचा उल्लेख पुढे येत आहे.

२. अर्जदार, गल्लीतला स्वरूप व खासबागेतील सौम्या अशा तिघांचे एक गाण्याचे पथक आहे. नाव 'तुटका धागा'. या प्रकारास पंक म्हणतात. त्यात सूर कमी आणि आरडाओरडा जास्त असतो, ही पंचांची तक्रार बरोबर आहे, ते तसेच असते. स्वरूप ड्रम बडवतो. पूर्वी तो देवळात आरतीला नगारा वाजवीत असे, हात तिथेच तयार झाला. सौम्या बेस गिटार वाजवते. अर्जदार गिटार वाजवते व ओरडते. अर्जदाराने डोक्याची डावी बाजू वस्तऱ्याने काढली आहे आणि कानांत सेफ्टीपिना घातल्या आहेत. पिना आईच्या पदराच्याच आहेत, परदेशातून काही मागवलेले नाही.

३. आता मूळ कारण. दरवर्षी पौष पौर्णिमेच्या जत्रेत देवीला नेसवायची साडी अर्जदाराच्या घरी विणली जाते. शेडच्या कोपऱ्यात त्यासाठीच एक जुना हातमाग ठेवलेला आहे. पणजोबांपासूनचा हा मान आहे आणि अप्पांना त्याचा इतका अभिमान आहे की, त्या दिवसांत ते चपला घालत नाहीत. ही साडी मागावर असेपर्यंत, पाळी आलेल्या बाईने शेडचा उंबरा ओलांडायचा नाही. मात्र साडीच्या कांड्या भरतात आई आणि अर्जदार, त्या महिन्याचे तीसही दिवस. कांड्या खिडकीतून आत दिल्या की झाले. त्या भरताना कोणाची पाळी चालू आहे, हे आजवर एकाही पंचाने विचारलेले नाही.

अर्जदार नववीत असताना, साडी मागावर असतानाच, अवकाळी पावसाचे पाणी शेडमध्ये शिरले म्हणून बादली घेऊन आत धावली आणि पाळी आल्याचे नंतर तिच्या लक्षात आले. तिने स्वतःच आईला सांगितले. अप्पांनी तोवर विणून झालेली हातभर साडी कात्रीने कापून काढली, देवीपुढे नाक घासले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ते अर्जदाराला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित गाणे झाले नसते. गाण्याचे नाव 'शिवू नको' असे असून त्यातील आक्षेपार्ह ठरलेल्या ओळी माहितीसाठी देत आहे :

कांडी माझी, धोटा माझा,
साडी तुझी, विटाळ माझा!

शेवटचे दोन शब्द दम संपेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचे असतात.

४. सरावाला जागा कुठली, तर अप्पांच्या शेडला लागून असलेली सुताची खोली. हे वाचून साहेबांना नवल वाटेल. परंतु गल्लीत घराघरांत माग आहेत आणि ते एकदा सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाला हाक मारायची तर खांदा हलवावा लागतो. त्या खडखडाटात तिघे मिळून कितीही ओरडले तरी भिंतीपलीकडे अप्पांनासुद्धा पत्ता लागत नसे. वर्षभर हे चालले. मागांइतका भरवशाचा पहारेकरी मिळणार नाही, असे अर्जदाराला वाटत होते.

आमच्या गल्लीत अमावास्येला माग चालवत नाहीत. तेही दिवस उजाडल्यापासून नव्हे, तिथी लागल्यापासून. तिथी लागली की देवळातली घंटा वाजते आणि सगळी गल्ली एकदम खटके बंद करते. अर्जदाराने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिले होते, अमावास्या रविवारच्या चौकटीत छापली होती, म्हणून सराव शनिवारी सकाळी ठेवला. खाली बारीक अक्षरांत, तिथी शनिवारीच सकाळी लागते असे लिहिले होते. विणकराच्या घरात जन्मून ते वाचले नाही, हा गाढवपणा सर्वस्वी अर्जदाराचा आहे. स्वरूपच्या ड्रममुळे घंटा कोणालाच ऐकू आली नाही. माग थांबले, स्वरूप व सौम्या दचकून थांबले, आणि अर्जदाराचे डोळे मिटलेले होते. त्यामुळे सबंध गल्लीत, कुत्रेही भुंकत नसताना, एकट्या अर्जदाराचा आवाज 'विटाळ माझा, विटाळ माझा' असे म्हणत राहिला. डोळे उघडले तेव्हा दारात आई उभी होती, कांड्यांची टोपली हातात घेऊन.

५. दुसऱ्या दिवशी देवळात पंचकमिटी बसली. बायकांना तिथे बसता येत नाही, म्हणून अर्जदाराच्या वतीने अप्पा उभे राहिले. सौम्या दुसऱ्या समाजाची, तिच्यावर पंचांचा अंमल चालत नाही. तिच्या घरच्यांनी गिटार माळ्यावर टाकली, तेवढ्यावर ते थांबले. स्वरूपने नारळ फोडला आणि त्याचे प्रकरण मिटले. नारळही त्याच्या आईने आणला होता. उरली अर्जदार. अर्जदाराने सर्वांसमक्ष माफी वाचेपर्यंत अप्पांना सूत द्यायचे नाही, घरी येणे-जाणे ठेवायचे नाही आणि देवीची साडी दुसऱ्या मागावर चढवायची, असा ठराव झाला. कमिटीचे अध्यक्ष मारुतीराव हे आईचे चुलतभाऊ आहेत. अर्जदाराच्या बारशाला सोन्याचे डूल त्यांनीच घातले होते. ठराव सांगताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते असे अप्पा म्हणाले, आणि अर्जदाराला ते खरे वाटते. त्यामुळेच ती जास्त घाबरली आहे.

तेव्हापासून चारही माग बंद आहेत. अप्पा सकाळी नेहमीच्या वेळी शेडमध्ये जातात, मागाला तेल देतात, पुसतात आणि स्टुलावर बसून राहतात. परवा अर्जदार चहा घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, दोन सबूद बोलून टाक की गं. जिभेला काय हाड असतंय व्हय?" ते रागावून म्हणाले असते तर अर्जदाराला उलट उत्तर देता आले असते. ते विनवणी करीत होते.

६. ते दोन शब्द पंचांनी लिहून दिले आहेत आणि ते दोन नाहीत. त्यातील मुख्य मजकूर असा : 'मी वाईट संगतीने व अज्ञानाने देवीचा आणि रीतीचा अपमान केला. मी विटाळात असताना ते गाणे म्हटले असल्यास देवीने मला शिक्षा करावी. यापुढे मी गाणार नाही. केस वाढवीन. वडीलधारे ठरवतील त्या स्थळाला होकार देईन.' स्थळ निपाणीकडचे असल्याचे कानावर आले आहे. मुलगा चांगला आहे म्हणतात, असेलही. माफी आणि सोयरीक एकाच कागदावर कशी आली, हे अर्जदाराने आईकरवी विचारले. "एका खर्चात दोन कामं," असे उत्तर आले.

७. माफी लाउडस्पीकरवरच का, असाही प्रश्न अर्जदाराने केला होता. त्यावर मारुतीमामांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : "जेवड्या घरास्नी त्ये ऐकाय गेलं, तेवड्या घरास्नी माफी बी ऐकाय गेली पायजे. न्हायतर ती माफी न्हवं." परवाना कोणाच्या नावे घ्यायचा हे निघाले तेव्हा ते म्हणाले, "लई शिकलीयास न्हवं? मग आरज तूच लिव्ह." सबब अर्जदार स्वतःच्या फजितीचा परवाना स्वतःच मागत आहे. छापील नमुन्यात कार्यक्रमाचा प्रकार विचारला आहे : धार्मिक, सांस्कृतिक, विवाह, इतर. यात कशावर खूण करावी ते समजेना. चारही लागू पडतात. तूर्त 'इतर'वर केली आहे.

८. येथपर्यंत पंचांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज झाला. आता अर्जदाराची स्वतःची विनंती.

साहेब, परवाना नाकारावा. आमचे पंच देवीनंतर फक्त सरकारी शिक्क्याला मानतात. अर्जदाराने माफीला नकार दिला तर अप्पांचे माग गंजतील. पोलिसांनी परवाना नाकारला तर कोणाचाच दोष राहत नाही, अप्पांचाही नाही. मग चार दिवसांनी सूत येईल, कारण जत्रेआधी लोकांना साड्या हव्या असतात आणि मामांनाही बहिणीचे घर बसलेले बघवत नाही. कारण कोणतेही चालेल. बेळगावात विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त आहे, मनुष्यबळ नाही, असे लिहिता येईल. शाळेच्या परीक्षा आहेत. शेजारी वृद्ध रुग्ण आहेत : अंबुबाई, वय ऐंशीच्या पुढे, दमा. त्यांनी स्वतःहून नाव घालायला सांगितले आहे.

अंबुबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गल्लीने येणे-जाणे बंद केल्यावर त्या एकट्या मागच्या दाराने आल्या. आता ही म्हातारी शिव्या देणार म्हणून अर्जदार मान खाली घालून उभी राहिली. त्या पायरीवर टेकल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "त्ये काय म्हणालतीस, परत म्हण की एकदा. हळूच म्हण." अर्जदाराने ओळी हळू आवाजात म्हटल्या. अंबुबाई रडल्या. "माझं उभं आयुष्य गेलं कांड्या भरण्यात," त्या म्हणाल्या, "पर ह्ये कुणी मोठ्यानं बोललेलं न्हाय ऐकलं." इतके दिवस अर्जदार स्वतःला फार मोठी बंडखोर समजत होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटले की, हे गाणे आपल्या एकटीचे नाही. आणि म्हणूनच 'अज्ञानाने म्हटले' हे वाक्य तिला अंबुबाईंच्या दारासमोर वाचता येणार नाही. माईक नेमका त्यांच्या दारासमोर लागतो.

९. आता शेवटची अडचण. परवान्यासोबत एक हमीपत्र भरून द्यावे लागते, असे आपल्या कार्यालयातून कळले. त्यात लिहिले आहे की, ध्वनिक्षेपकावरून कोणाच्याही भावना दुखावतील असे काहीही बोलले जाणार नाही. अर्जदाराने पंचांचा मजकूर न्हाणीघराचे दार लावून मोठ्याने वाचून पाहिला. 'यापुढे मी गाणार नाही' येथे तीन वेळा आवाज बंद पडला. त्या मजकुराने अर्जदाराच्या भावना दुखावतात. 'कोणाच्याही' या शब्दात अर्जदार धरली जाते किंवा कसे, याचा लेखी खुलासा व्हावा. वीस वर्षांत गल्लीत हे कोणी विचारलेले नाही, म्हणून सरकारला विचारीत आहे.

अर्जदार धरली जात असेल, तर आपल्याच नियमाने परवाना देता येत नाही. धरली जात नसेल, तर आपण परवाना द्याल आणि रविवारी अर्जदार डोक्यावर पदर घेऊन माईकसमोर उभी राहील. समोर अप्पा असतील. त्यांच्याकडे पाहून ती कागद वाचायला सुरुवात करील, हे ती प्रामाणिकपणे सांगते. परंतु माफी ऐकू यावी म्हणून माग त्या दिवशीही बंद असतील आणि गल्ली पुन्हा तशीच शांत असेल. अर्धा कागद झाल्यावर तोंडातून काय बाहेर पडेल, हे अर्जदाराला आज माहीत नाही. म्हणून हमीपत्रावर सही केलेली नाही.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
रचना यमनाप्पा सातपुते
वडगाव, बेळगाव
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१) आधारकार्डाची प्रत (फोटोत केस पूर्ण आहेत, व्यक्ती तीच आहे).
२) कन्नड भाषांतर.
३) पंचांनी दिलेला माफीचा मजकूर.
४) सौ. इंदुताई यमनाप्पा सातपुते, अर्जदाराची आई, यांचे संमतीपत्र. आईला लिहिता येत नाही. काल रात्री तिला हा सगळा अर्ज वाचून दाखवला. परवाना नाकारावा या विनंतीखाली अंगठा तिचा आहे.