जाणिवेचा उगम आणि कुसुमावतीचे माहेरी गमन

नवनगर, हुबळी
गुरुवार

ती. बाळाचार्य अण्णा यांना श्रीहरीचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने आठांपैकी सहाच अंगांनी). आपली साखर, वहिनींची कंबर आणि बेळगावची हवा, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आपली धाकटी बहीण शनिवारपासून आपल्याकडे आहे, तेव्हा माझ्याविषयीची एक बाजू आपण ऐकलीच असेल. दुसरी बाजू शास्त्रीय आहे.

शनिवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात प्रभंजन नावाच्या संमोहनतज्ज्ञांचं व्याख्यान होतं. (डॉक्टर लावतात, कशाचे, ते विचारायचं नाही.) विषय, माणसाला जाणीव आली कशी. वर उप्पीट आणि कॉफी, म्हणून गर्दी तुडुंब. एक मत असं, की माकडांनी आळंबी खाल्ली आणि त्यांना 'मी कोण?' हा प्रश्न पडला. (आपल्याकडे कांदासुद्धा चालत नाही, मग आपल्यात जाणीव आली कुठून, असं मी विचारलं. प्रश्न शेवटी घेऊ, म्हणाले.) त्यांचं लाडकं मत मात्र वेगळं. तीन हजार वर्षांपूर्वी माणसाला स्वतःचं मन नव्हतंच. मेंदूचा एक भाग हुकूम सोडायचा, दुसरा निमूट पाळायचा, आणि त्या आवाजाला माणूस देव समजायचा. संमोहनात माणूस पुन्हा तसाच होतो म्हणे. चौतीस वर्षं आठवीला गणित शिकवल्यामुळे मला हे लगेच पटलं.

प्रात्यक्षिकाला मलाच खुर्चीत बसवलं. कन्नडात उलटे आकडे मोजले, माझी मान पडली. मग विचारलं, "तल्याग यार धनी केळस्तैति, सर?" डोक्यात कुणाचा आवाज येतो म्हणून. मी गाढ संमोहनात मराठीत बोललो, "आमच्या हिचा. नळ बंद करा, गॅस बघा, कोथिंबीर जून आणलीत. देवाला तरी शेजारती असते, हिला तीही नाही." सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेतली कुसुमावती हसली नाही. घरी गेली, पिशवी भरली आणि बेळगावची बस धरली.

संमोहित माणसाचं बोलणं मनावर घेऊ नये, एवढं शास्त्र तिला समजवा. माझं इथे उत्तम चाललंय. आवाज थांबले तेव्हा माणसाला मन फुटलं, असं तो सिद्धांत म्हणतो. मलाही फुटलं असावं. पाच दिवस ते आणि मी समोरासमोर बसलो आहोत, दोघांनाही काही सुचत नाही.

आपला,
श्रीहरी

ता. क. संमोहन वगैरे काही लागलं नव्हतं. चारचौघांत प्रभंजनांचा पचका नको म्हणून मान टाकली.

ता. क. मराठीत बोललो तेही मुद्दाम, सभेला कळू नये म्हणून. (हुबळीत जन्म काढून ही अक्कल! तिथे मराठी न कळणारा एकटा प्रभंजनच होता.) निघताना कुसुमावती एवढंच म्हणाली, "झोपलेला माणूस भाषा निवडत नाही." तेव्हा वरचं शास्त्र तिला वाचून दाखवू नका.

ता. क. तिचं हसं केलं, याची मला लाज वाटते. रविवारी पहिल्या बसने येतोय. अण्णा, एकच विनंती. मी कडी वाजवली तर तुम्ही दार उघडू नका, तिला उघडू दे. तोवर मी पायरीवर बसतो.