मोटर माझ्या खोलीत

सोमवार

अखेर नोकरी मिळाली, आणि तीही आडवं पडून करायची! भावोजींना कळलं तर त्यांना आज जेवण जाणार नाही.

शिलाईचा कारखाना आहे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर येईपर्यंत जीव कंठाशी आला. पण राहायचंही इथेच, म्हणजे रोजचा चढ नाही. कारखान्याला लागून खोली दिली आहे. लोखंडी कॉट, एक खिडकी, कोपऱ्यात नळ. शिवून आलेल्या कोटांचे लोंबते दोरे कापायचे, बटणं लावायची, दमलं की पडायचं. कोट डॉक्टरांचे आहेत, पांढरेशुभ्र. ज्यांनी मला वर्षानुवर्षं रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन रमवा, असं ऐकवलं, त्यांचीच बटणं आता माझ्या हातात. सैल लावायचा मोह होतोय.

मालकीणबाईंनी कागदपत्रं मागितली नाहीत की नाक मुरडलं नाही. अंग ठणकतं, झोपून उठलं तरी शीण जात नाही, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की उभं राहिल्यावर छातीत धडधडतं का. मी हो म्हणताच त्यांनी मला उभं केलं आणि मनगट हातात धरून ठेवलं. चेहरा असा खुलला, जणू मी काही पराक्रम केलाय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण या बाईला न जळताच कळलं. मला रडू आलं.

मोबाइल मात्र त्यांच्या कपाटात ठेवावा लागतो, सगळ्यांनाच नियम आहे. ताईला हे आवडणार नाही. माझं दुखणं सोंग नाही असं मानणारी घरात ती एकटीच.

बुधवार

खोलीच्या भिंतीपलीकडे मशिनींची रांग आहे. टेबलांखालून एक लांब लोखंडी दांडा जातो, त्यावरून प्रत्येक मशीनला पट्टा. दांडा भिंतीतून माझ्या कॉटच्या डोक्याशी येतो, तिथे फळी ठोकली आहे. बाई म्हणाल्या, मोटर तुमच्याच खोलीत आहे, आवाज जरा सहन करा. करते की. घरात भावोजींचा आवाज सहन केलाच ना.

शिवणाऱ्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. सगळ्या टवटवीत, एकीच्याही डोळ्यांखाली काळं नाही. कातरकाम करणारे मास्तर म्हातारे, पण टेबलावर उडी मारून बसतात. बघूनच मला दम लागतो.

गादीत एक खळगा आहे, माझ्यापेक्षा उंच बाईचा. आधीची मुलगी कुठे गेली विचारलं, तर बाई म्हणाल्या, तिला आता पूर्ण आराम आहे.

शुक्रवार

हात वर होत नाहीत. चार बटणं लावली की बोटं जड पडतात. इतकं तर मी घरीही दमत नव्हते. जिन्याचा शीण असेल, जागा बदलली असेल, मनाचेच खेळ असतील. सगळ्यांनी इतकी वर्षं सांगितलं, की आता मीच मला सांगते.

नळाशी उभी राहून तोंड धुतलं, तर छाती अशी उडाली की भिंत धरली. पलीकडे मशिनीही तेव्हाच भरधाव. आवाजाने धडधड वाढते माझी, दुसरं काय.

सोमवार

भर दुपारी वीज गेली. पंखा थांबला, दिवे गेले, बाहेर साऱ्या रस्त्यावर अंधारलेली दुकानं दिसत होती.

मशिनी थांबल्या नाहीत.

मी धसकून उठून बसले. त्या जोरात पळायला लागल्या.

मंगळवार

सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा कात्रीने फळी उचकटली. मोटर नाही. वायरसुद्धा नाही. दांडा भिंतीतून येतो आणि माझ्या कॉटच्या गजात घट्ट बसवलेला आहे. हात लावला. कोमट होता. ठोके माझेच होते.

बायका परत कामाला बसल्यावर मी हळूहळू श्वास सोडत पडून राहिले. डॉक्टरांनी शिकवलेली एवढी एकच कामाची गोष्ट. मशिनी मंदावल्या. दारातून दिसलं, सगळ्या बायका माना वळवून माझ्याकडे बघतायत. रागाने नाही. नळाचं पाणी गेल्यावर नळाकडे बघतात तसं.

मास्तर आत आले. त्यांनी मोठी कात्री माझ्या कानाशी फरशीवर आपटली.

मशिनी सुरू.

गुरुवार

मोठी ऑर्डर आहे. मला उभं करतात, मनगट दांड्याला बांधून. उभी राहिले की काळीज आपोआप धावतं, ते त्यांना ठाऊक आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली की झोपवतात, पाणी पाजतात, पुन्हा उभं.

मी जाते म्हणाले. बाई म्हणाल्या, जा की, जिना उघडा आहे. पहिल्या वळणापर्यंत गेले. मग पाय गेले. बायकांनीच वर आणलं, किती अलगद, जणू काचेचं भांडं.

हे असंच धावत राहिलं तर एक दिवस थांबणार. मला ते छातीत कळतंय. मध्येच एक ठोका चुकतो — तिकडे टाका चुकतो.

शुक्रवार

कात्री आपटली. ताट आपटलं. मास्तर कानात ओरडले.

काही नाही. घाबरायचंही त्राण हवं ना. पडून आहे दगडासारखी. मशिनी रखडतायत. आयुष्यात पहिल्यांदा दमल्याचा उपयोग झाला.

शनिवार

बाई उशाशी बसल्या. कपाळावरून हात फिरवला.

"भीती लवकर झिजते," म्हणाल्या. "तुमच्या ताईंना फोन केलाय मी. न्यायला येतायत."

हरल्या. ऑर्डर अर्धी पडली, आता ब्याद घालवतायत. मला फक्त ताई येईपर्यंत सांभाळायचंय. हळू श्वास. हळू.

शनिवार, दुपार

बायका जागेवर बसल्यात. सगळ्यांनी नवे दोरे ओवलेत. कापड सुईखाली धरून ठेवलंय. मशिनी रखडत असताना — कशाला?

मास्तरांनी दार सताड उघडलं. जिन्याकडचं.

पावलं. ताईची. प्रत्येक वळणावर थांबून खोकते ती, मी ओळखते —

बाई माझ्याकडे बघून हसतायत. मनगट धरलंय. पहिल्या दिवशी धरलं होतं तसं —

अरे देवा. भीती झिजते म्हणाल्या. म्हणजे आनंद —

नको. दगड. दगड हो. भावोजी आठव, डॉक्टर आठव, काहीही —

"चिमणे! अगं, कुठे आहेस? न्यायला आलेय तुला."

ताई, हाक मारू नकोस — ताई, तू आलीस, तू खरंच आ